गुणवत्ता एकट्याची नसते

नवोदित खेळाडूचे पहिले वर्ष संपले की त्याचा हिशेब मांडला जातो : गोल किती केले, संधी किती दवडल्या. हिशेब चुकला तर पोरात दम नव्हता, असा निर्वाळा देऊन सारे मोकळे होतात. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेबच सदोष वाटतो. जे उत्पादन अनेकांच्या श्रमांतून संयुक्तपणे होते, त्यातला एकाचा वाटा वेगळा काढून त्याच्या नावावर मांडता येत नाही.

हॉकीतील पेनल्टी कॉर्नर पाहा. एकजण मैदानाच्या मागील रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा तो वर्तुळाबाहेर अडवतो, तिसरा फटका मारतो. नोंद तिसऱ्याच्या नावावर होते. चेंडू थांबविणाऱ्याच्या हाताला क्षणाचा उशीर झाला, तर फटका मारणाऱ्याचे कसब वाया जाते. आमच्या शहाद्याकडे ऊसतोडीच्या टोळीत नव्याने आलेल्या कोयत्याचेही असेच. त्याच्या वाट्याला फड कसा आला, भरणीला हात किती आहेत, गाडी वेळेवर आली की नाही, यांवर त्याची मजुरी ठरते. आळशी मात्र तोच ठरतो.

खडकीच्या धनराज पिल्लेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 1989 च्या आशिया चषकात तो भारतीय संघात आला. पुढच्याच वर्षी लाहोरच्या विश्वचषक स्पर्धेत भारत दहाव्या क्रमांकावर फेकला गेला. त्या क्रमांकावरून नव्या खेळाडूंची पारख केली असती, तर धनराजही निकामी ठरला असता. 1994 च्या सिडनी विश्वचषकात भारत पाचवा आला, पण जगातील निवडक अकरांच्या संघात एकमेव भारतीय होता तो धनराज!

यावर कोणी म्हणेल, की गरिबीतला मुलगा स्वतःच्या जिद्दीने वर आलाच ना? जिद्द नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या सोबतीला काय होते, तेही पाहिले पाहिजे. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, म्हणून मोडक्या काठ्यांनी का होईना, मैदानावर खेळता आले. थोरला भाऊ रमेश आधीच हॉकीत होता. पुढे जोकिम कार्व्हालो यांच्यामुळे मुंबईत महिंद्र कंपनीच्या संघात प्रवेश मिळाला. ज्यांना ना मैदान, ना भाऊ, ना कंपनी, त्यांची गणती कोण ठेवतो?

परिस्थिती बदलली की सिद्ध झालेले कौशल्यही लंगडे पडते. 1975 मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणारा भारत 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सातवा आला. कर्णधार तेच अजितपाल सिंग होते. बदलले होते ते मैदान. ऑलिंपिक हॉकी तेव्हा प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. गवतावर वाढलेल्या मुलाला अशा मैदानावर एकदम उभे करून त्याची परीक्षा घेणे, याला निवड म्हणत नाहीत.

मैदानाबाहेरची परिस्थितीही खेळते. 2011 मध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर विजय मिळवून देणाऱ्या तरुण युवराज वाल्मीकीच्या मुंबईतील घरात वीज नव्हती, हे देशाला विजयानंतर कळले. 1998 मध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर खेळाडूंच्या मोबदल्याविषयी बोलणारा हा कर्णधारच संघाबाहेर गेला. ज्येष्ठांची ही गत पाहणारा नवखा खेळाडू निर्भयपणे कसा खेळेल?

आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषय करमणुकीचा समजू नये. 1928 मध्ये ॲम्स्टरडॅमला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा आदिवासी होते. सुंदरगड आणि सिमडेगा या आदिवासी जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू आले, कारण तेथे गावोगाव हॉकी खेळली जाते आणि क्रीडा वसतिगृहे उभी राहिली. सातपुड्यातील भिल्ल-पावरा मुलांच्या पायांत बळ कमी आहे काय? म्हणून मागणी केवळ बक्षिसांची नको. आश्रमशाळांना मैदान, काठ्या आणि शिक्षक मिळाले पाहिजेत, पोटभर आहार मिळाला पाहिजे आणि निवड झालेल्या मुलाला पुरेसे सामने खेळू दिल्याशिवाय वगळता कामा नये. संधी समान झाल्यावर गुणवत्तेची भाषा खुशाल बोलावी. त्याआधी ती बोलणे म्हणजे विषमतेलाच प्रशस्तिपत्र देणे होय.