'गेलतो'चा अपराध

दिवाळीच्या सुटीत माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून धाराशिवास आली होती. ती तेथे अभियांत्रिकी शिकते आणि जोडीला स्पॅनिश भाषेचा वर्ग करते. ओसरीवर पाय सोडून बसून तिने 'जाणे' ह्या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदाचा पाठ मांडला होता आणि मी आतल्या खोलीत वर्तमानपत्राआडून तो ऐकत होतो. बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान हा वर्तमानकाळ. फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन हा भूतकाळ. आणि मूळ धातू काय, तर 'इर'! वर्तमानाचा भूताशी संबंध नाही आणि दोहोंचा मुळाशी नाही. असे असूनही पोरगी रुद्राची आवर्तने करावीत तितक्या निष्ठेने ते घोकीत होती.

इतक्यात शेजारचा दहावीतला मुलगा आला. त्याला आदल्या दिवशी गणित समजून घ्यायला बोलाविले होते, तो आला नव्हता. दारातूनच म्हणाला, "ताई, काल तुळजापूरला गेलतो, म्हणून जमलं नाही." ताई खुदकन हसली. "गेलतो काय रे? 'गेलो होतो' म्हण की नीट!" मुलाचा चेहरा पडला. पुढचा अर्धा तास त्याने गणितात हां आणि हूं ह्यांपलीकडे उच्चार केला नाही.

'फुई' चुकू नये म्हणून जी मुलगी तासभर जिभेला पीळ घालीत होती, तिलाच 'गेलतो' हे चुकलेलेच असणार ह्याविषयी तिळमात्र शंका वाटली नाही. ह्यात तिचा दोष मी मानीत नाही. तिला तसे शिकविणारे आम्ही आहोत. शाळामास्तर, प्राध्यापक, परीक्षक, पाठ्यपुस्तकांचे संपादक आणि आपल्या मुलांनी 'गावंढळ' बोलू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेले आम्ही सुशिक्षित आईबाप. प्रस्तुत लेखात जी काय तक्रार करावयाची ती आमच्या ह्या वर्गाविरुद्ध आहे, आणि मी स्वतः त्या वर्गात मोडतो.

प्रथम 'गेलतो'चा अपराध तरी काय, ते पाहू. 'गेलो होतो' ह्या दोन शब्दांतला मधला हकार जिभेखाली विरला, स्वर आखडले आणि दोन शब्दांचा एक झाला. आता 'गेलाय' हा शब्द घ्या. 'गेला आहे' ह्या दोन शब्दांतला हकार विरला, स्वर आखडले आणि एक शब्द झाला. प्रक्रिया तीच. परंतु 'गेलाय', 'आलाय', 'करतोय' ही रूपे पुण्यामुंबईच्या नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून निःशंकपणे वावरतात; ती ऐकून कोणी हसत नाही, उलट संवाद सहज उतरले आहेत अशी त्यांची प्रशंसा होते. 'गेलता', 'आलती', 'केलतं' ही मात्र अडाणीपणाची खूण! दोहोंत व्याकरणाचा कोणता फरक आहे हे मला कोणी दाखवून द्यावे. मला तर एवढाच फरक दिसतो की, पहिले आखडणे ज्यांच्या घरात झाले त्यांच्याच हाती पुढे छापखाने आले. 1962 साली लेखनाचे नियम ठरले तेव्हा बोलण्यातल्या 'केलं', 'गेलं' ह्या रूपांना टिंब देऊन का होईना, पण पंगतीत पाट मिळाला. 'गेलतं' अजून अंगणात उभे आहे.

आता त्या स्पॅनिश 'फुई'कडे वळू, कारण तिची कुळकथा मोठी मौजेची आहे. त्या भाषेतील 'जाणे' ह्या क्रियापदात तीन निरनिराळे लॅटिन धातू एकत्र नांदतात. वर्तमानकाळचे 'बोय' हे 'वादेरे' ह्या धातूचे. मूळ 'इर', भविष्यकाळचे 'इरे' आणि रीतिभूतकाळचे 'ईबा' (म्हणजे आपले 'मी जाई') ही 'ईरे' धातूची; हा आपल्या संस्कृत 'इ' धातूचा सख्खा भाऊ. आणि 'फुई' मुळात 'जाणे' ह्या अर्थाचे नव्हेच. ते 'असणे' ह्या क्रियापदाचे भूतकाळी रूप, आणि त्याचा धातू म्हणजे आपला 'भू'. त्यामुळे स्पॅनिश मनुष्य 'फुई' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'मी होतो' असाही होतो आणि 'मी गेलो' असाही होतो. कोणता घ्यावयाचा ते संदर्भाने ठरते.

आमच्याकडे काय आहे? 'जातो' हे 'या' धातूचे रूप आणि 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत'चे. म्हणजे वर्तमानकाळ एका घरचा आणि भूतकाळ दुसऱ्या घरचा, अगदी स्पॅनिशप्रमाणेच. इंग्रजीचे 'गो' आणि 'वेन्ट' ह्यांचेही तेच. (जाता जाता सांगावेसे वाटते की, आपला 'गम्' आणि इंग्रजांचा 'कम्' हे एकाच मुळाचे आहेत, एका घरात तो जाऊ लागला, दुसऱ्या घरात येऊ लागला.) आणि 'होतो' हा शब्द? तो 'भू' धातूपासून आलेल्या 'होणे'चा. तेव्हा त्या दहावीतल्या मुलाच्या 'गेलतो' ह्या एका शब्दात 'गम्' आणि 'भू' असे दोन धातू हातात हात घालून उभे होते, आणि त्याच्या शेपटातला 'तो' हा, हसणाऱ्या ताईच्या वहीतील 'फुई'चा दूरचा का होईना पण रक्ताचा नातेवाईक होता. हे ना तिला ठाऊक, ना त्याला. आणि ज्यांनी त्यांना सांगावयाचे, ते आम्ही मास्तर लाल शाई घेऊन बसलेलो.

खेड्यातली म्हातारी 'म्या केलं' म्हणते. आम्ही शहाणे 'मी केले' असे म्हणतो आणि मग 'मी' हा कर्ता असताना क्रियापद कर्माप्रमाणे का चालते ह्यावर व्याकरणाच्या तासाला डोके खाजवतो. म्हातारीच्या बोलण्यात ही अडचणच नाही. तिचे 'म्या' म्हणजे संस्कृत 'मया'. तिचे 'केलं' म्हणजे 'कृतम्'. 'मया कृतम्' हा शुद्ध कर्मणि प्रयोग तिने परंपरेने जसाच्या तसा राखला आहे. तृतीयेचे रूप टाकून देऊन प्रथमेचे 'मी' तेथे बसविले कोणी, तर प्रमाणभाषेने. मग अशुद्ध कोण, ह्याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आमच्या शालेय पुस्तकांत 'करणे–केला', 'मरणे–मेला', 'येणे–आला', 'जाणे–गेला' ह्यांना 'अनियमित' म्हणतात. ह्या शब्दाशीच माझे भांडण आहे. 'कृत', 'मृत', 'आगत', 'गत' ह्यांना प्राकृतांतून येताना 'ल' जोडला गेला आणि ही रूपे सिद्ध झाली; त्यांत अनियम कसला? बसला, उठला, पडला ही रूपे जेव्हा चालू साच्यात ओतली गेली, तेव्हा फार वापरातल्या ह्या दोनचार क्रियापदांनी जुना साचा सोडला नाही, इतकेच. जे शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडी येतात ते लोक विसरत नाहीत आणि म्हणून ते बदलत नाहीत. क्वचित लागणारे शब्द नव्या नियमाला शरण जातात. लहान मूल 'मी करलं' म्हणते तेव्हा ते नियमानेच चालत असते, आणि आई ते सुधारून 'केलं' करविते तेव्हा ती त्याला हजारो वर्षांचा वारसा देत असते. पाणिनीपुढे 'अस्' आणि 'भू' ह्यांची अशीच गुंतागुंत आली तेव्हा त्याने कोणाला अनियमित ठरविले नाही. एकाच्या जागी दुसऱ्याचा आदेश होतो असे सांगितले आणि तो पुढे गेला. नियमात न बसणाऱ्यास दोषी ठरविण्याची खोड आम्हांस परक्या साच्यांवरून लागली. फादर स्टीफन्स ह्यांचे कोंकणीचे व्याकरण 1640 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, केरीचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपुरास; दादोबा पांडुरंगांचे 1836 साली आले. ह्या सर्वांचे उपकार मोठेच आहेत. मोरो केशव दामल्यांचा 1911 सालचा ग्रंथ तर मी आजही उशाशी ठेवतो, आणि ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात अशी नावे देऊन रूपावरून क्रियापदाची वर्गवारी करण्याची ही पद्धत फार समंजस आहे असे माझे मत आहे. दुःख एवढेच की, शास्त्र वर्णन करावयास निघाले होते आणि शाळेत पोहोचेपर्यंत ते शिक्षा करू लागले.

ह्या शिक्षेचा अनुभव मी घेतला आहे. बी.ए.साठी एका मोठ्या शहरातील महाविद्यालयात मी गेलो तेव्हा माझे वय सतरा. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला गुरुजींनी काहीतरी विचारले आणि मी उभा राहून म्हणालो, "सर, मी तो धडा अजून वाचायलोय." ते म्हणाले, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणालो. "आणखी एकदा." तिसऱ्या वेळी सबंध वर्ग बाकांवर हात आपटून हसला. 'करायलोय', 'वाचायलास', 'जायलाय' हा आमच्या मराठवाड्याचा चालू वर्तमानकाळ आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तो 'करायला लागलो' ह्यातून आटत आला असावा. आरंभ दाखविणारे रूप चालू क्रिया दाखवू लागले. भाषेच्या इतिहासात असे पदोपदी घडते. पण सतराव्या वर्षी मला हे कोठून ठाऊक असणार? त्यानंतर दोन वर्षे त्या वर्गात मी तोंडी उत्तर असे दिले नाही. विशेष विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा मी इंग्रजी घेतले. लोक समजतात, शेक्सपिअरच्या प्रेमाने घेतले. खरे असे की, इंग्रजीत सगळेच परके होते, आणि माझ्या चुका व त्या शहरी मुलांच्या चुका एकाच तागडीत पडत होत्या. गेली अठ्ठावीस वर्षे मी इंग्रजी शिकवितो. त्यात विद्येची ओढ किती आणि मराठीत तोंड उघडण्याची धास्ती किती, ह्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

माझ्या वडिलांची कथा निराळी आणि तीच. हा जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वडील पोरवयात उर्दू शाळेत 'जाता है, गया, गया था' घोकीत, आणि घरी येऊन आजीला 'गेलतो' म्हणत. त्यांच्या शाळेत मराठीला स्थान नव्हते, परंतु त्यांच्या मराठीला हसायला तेथे कोणी बसलेले नव्हते. तो मान आम्ही स्वराज्यात, स्वभाषेच्या राज्यात मिळविला.

कोणी म्हणेल, मग काय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'गेलतो' लिहू द्यावयाचे? न्यायालयाचा निकाल 'करायलोय'मध्ये लिहावयाचा? माझे असे म्हणणे नाही. सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत एकमेकांचे लिहिलेले एकमेकांस कळावे म्हणून लेखनाची एक सामाईक भाषा हवी, आणि ती मुलांस कसून शिकविली पाहिजे. मी हा लेखही तिच्यातच लिहीत आहे. परंतु शिकविणे वेगळे आणि लाजविणे वेगळे. स्पॅनिशच्या वर्गात मूल 'फुई' शिकते तेव्हा त्याला कोणी असे सांगत नाही की तुझे 'गेलो' चुकीचे आहे. एका रूपाच्या शेजारी दुसरे ठेवतात. धाराशिवच्या वर्गात 'गेलतो'च्या शेजारी 'गेलो होतो' ठेवून, हे घरी आणि हे कागदावर, एवढे सांगावयास किती वेळ लागतो? उलट, ज्याला दोन्ही रूपांची फोड करून दाखविली त्या मुलाला कर्ता, काळ आणि सहायक क्रियापद ह्यांचे ज्ञान फुकटात होते. त्याची बोली म्हणजे व्याकरणाची तयार प्रयोगशाळा. ती आम्ही कुलूप लावून ठेवली आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर असतो: "बोलीचा मान आम्ही राखतोच की! कथाकादंबऱ्यांत बोली येते, तिला पारितोषिकेही मिळतात." येते खरी. आमच्याच कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव ह्यांच्या कथांत ह्या मातीची वाणी जशी उतरली आहे तशी क्वचितच कोठे उतरली असेल. पण 'लाल चिखल'मधल्या शेतकऱ्याचे बोलणे वाचून ज्या वर्गात डोळे पाणावतात, त्याच वर्गात शेतकऱ्याचा खराखुरा मुलगा तसे बोलला तर हशा पिकतो. पुस्तकात जी जिवंत, तीच तोंडात अशुद्ध? 2020 च्या जानेवारीत त्र्याण्णवावे साहित्य संमेलन ह्याच गावी भरले, तेव्हा गावाचे नाव उस्मानाबाद होते. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे, म्हणजे तेही एका सुंदर बोलीच्या मुलखातले. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मराठीच्या प्राचीनपणाचा गौरव झाला. 'मया'चे 'म्या' आजही जिच्या तोंडी आहे त्या म्हातारीस मात्र नातवाच्या शाळेतील पालकसभेत बोलावयाची चोरी. तेर येथील गोरोबाकाकांच्या कथेत मडकी पारखण्याचे थापटणे संतांच्या डोक्यांवर पडले, आणि ते कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी पडले. आम्ही थापटणे घेऊन निघालो आहो ते मडके कोणत्या गावचे हे पाहण्यासाठी.

त्या सायंकाळी मी ओसरीवर गेलो आणि दोघांस 'फुई'ची आणि 'गेलतो'ची ही सोयरीक सांगितली. पुतणी वरमली. मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "काका, पण 'फुई' म्हणजे 'गेलो' का 'गेलतो'? दोन्ही एक नसतंय की. आता गेलो येगळं, आन् तवा गेलतो येगळं."

मी पुतणीकडे पाहिले. तिला लगेच उत्तर देता येईना. पुस्तकाची आठदहा पाने मागेपुढे करून शेवटी तिने सांगितले, 'गेलतो' म्हणजे 'आबिआ इदो'.

"दोन शब्द लागतेत व्हय?" मुलगा म्हणाला.