ओल भिंतीत, दमा छातीत

इंग्लंडमधील रॉचडेल येथे सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या सदनिकेत राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये दगावला. भिंतींवरच्या बुरशीची तक्रार त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच केली होती. त्यावर ‘वरून रंग मारा’ एवढाच सल्ला मिळाला. सुदानहून आलेल्या या कुटुंबाच्या आंघोळीच्या सवयींवर खापर फोडण्यात आले. बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळेच श्वसनविकार होऊन मूल गेले, असा निष्कर्ष मृत्यूच्या न्यायिक चौकशीने २०२२ मध्ये काढला. त्यानंतर त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक घरांच्या मालकांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो. ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी दहा, तर धोका आढळल्यास घर सुरक्षित करण्याचे काम पाच कामकाजी दिवसांत करावे लागते.

ओलीचा हा प्रश्न आपल्याकडेही आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांश चार महिन्यांत कोसळतो. भिंतींना पोपडे येणे, कपाटामागे काळे डाग उमटणे, अंथरुणाला कुबट वास येणे हे आपण ऋतुमानात जमा करून टाकले आहे. पाऊस निसर्गाचा असला, तरी गळकी गच्ची, फुटका सांडपाण्याचा पाइप आणि भेगाळलेली बाहेरची भिंत माणसाची असते. ओला गिलावा एक-दोन दिवसांत सुकला नाही, तर बुरशी धरू लागते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू खोलीभर पसरतात. लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात. त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि तान्ह्यांचा तर जवळपास सारा दिवस घरातच जातो. खोकला, छातीतली घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांच्याशी ओलसर घरांचा संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. प्रत्येक खोकल्याचे मूळ बुरशीत नसते; विषाणू, धूळ आणि धूरही असतात. पण मुलाला दम्याचा पंप देऊन पुन्हा त्याच ओल्या भिंतीशेजारी झोपवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हा प्रश्न अधिक बिकट होतो. अगदी खेटून उभ्या केलेल्या या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ना ऊन पोहोचते ना वारा. मुंबईतील गोवंडीच्या अशा वसाहतींतील क्षयरोगाचा हवा-उजेडाच्या अभावाशी असलेला संबंध अभ्यासातून पुढे आला आहे. क्षय आणि बुरशी यांची कारणे वेगळी असली, तरी कोंदट खोली दोघांच्याही पथ्यावर पडते. अशा घरातल्या आईला ‘खिडक्या उघड्या ठेवा, कपडे घरात वाळवू नका’ असे सांगणे ही थट्टा आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. घर विकत घेणाऱ्याला स्थावर संपदा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषाचे संरक्षण दिले आहे. विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती थांबवणे संस्थेचे काम आहे. जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणीही होते. पण तिचा प्रश्न इमारत पडेल का, एवढाच असतो. आत राहणाऱ्या मुलाला श्वास घेता येतो का, हे तीत कोणी विचारत नाही. भाडेकरूला तर घर सोडण्यापलीकडे फारसा इलाज नसतो.

म्हणून सुरुवात सरकारने स्वतःच्या घरांपासून करावी. म्हाडाची संक्रमण शिबिरे, पोलीस वसाहती, सफाई कामगारांच्या चाळी, प्रकल्पग्रस्तांच्या सदनिका यांपैकी बहुतेक ठिकाणी मालक शासन, शासकीय संस्था किंवा महापालिकाच आहे. ओलीच्या तक्रारीची नोंद, पाहणी आणि दुरुस्ती यांना दिवसांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे. मूल दम्याने आजारी असेल, तर त्या घराला अग्रक्रम हवा. नव्या पुनर्वसन इमारतींना हवा-उजेडासाठी सोडायच्या अंतरात सवलत देणे थांबवावे. अशा कायद्यासाठी महाराष्ट्राने एखाद्या मुलाच्या मृत्यूची वाट पाहू नये.