रात्रीचा मुनीम

जुन्या पेढीवर हिशेबाचा एक क्रम ठरलेला असे. दिवसभराचे व्यवहार आधी रोजमेळात उतरत. रोजमेळाची शिल्लक गल्ल्यातील रोकडीशी जुळली, की मगच खतावणीला हात लागे. खतावणीवरून तेरीज आणि वर्षअखेरीस तेरजेवरून ताळेबंद तयार होई. शिल्लक जुळली नाही तर मुनीमजी रात्री उशिरापर्यंत बसत. पण न जुळलेल्या रोजमेळावरून खतावणी करण्याचे धाडस कोणी करीत नसे. हा क्रम कोठे लिहून ठेवलेला नव्हता. तो मुनीमजींच्या अंगवळणी पडलेला होता.

आज अनेक पेढ्यांच्या कंपन्या झाल्या आणि वह्यांची जागा संगणकप्रणालींनी घेतली. मोठ्या उद्योगांत सर्वत्र दिसणारी सॅप ही त्यांपैकीच एक. आयबीएममधील पाच माजी अभियंत्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन केलेल्या कंपनीची ही प्रणाली. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार असे सारे व्यवहार अशा प्रणालीत एकत्र नांदतात. त्यांतील काही कामे माणूस पडद्यासमोर बसून करतो. पुष्कळशी कामे मात्र पडद्यामागे आपोआप चालतात. अशा कामाला तेथे ‘जॉब’ म्हणतात, आणि कोणता जॉब केव्हा व कशाच्या पाठोपाठ चालावा हे ठरवण्याला ‘शेड्युलिंग’. मोठे जॉब बहुधा रात्रीच नेमलेले असतात. दिवसा कर्मचाऱ्यांची वर्दळ असते आणि दिवसाचे व्यवहार थांबल्याखेरीज त्यांची बेरीज पक्की होत नाही.

सामान्य माणसाचाही या व्यवस्थेशी रोजचा संबंध येतो. बँकेतून ‘एनईएफटी’ने पाठविलेले पैसे एकेकटे जात नाहीत. दर अर्ध्या तासाला व्यवहारांची एक तुकडी निघते आणि अशा ४८ तुकड्या दिवसभरात मार्गी लागतात. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा अहोरात्र, सुटीच्या दिवशीही चालू आहे. मध्यरात्री पाठविलेली रक्कम पहाटेपूर्वी पोहोचते, तेव्हा त्यामागे कोणीतरी आखून दिलेले वेळापत्रकच काम करीत असते.

वेळापत्रकाची सर्वांत जुनी व सोपी रीत घड्याळाची. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून ‘क्रॉन’ नावाची सोय आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार एवढे पाच रकाने भरले, की नेमलेले काम नेमल्या क्षणी सुरू होते. ही रीत आजही जगभर वापरात आहे. तिची उणीव एवढीच, की घड्याळाला वेळ कळते, काम कळत नाही.

समजा, एका कारखान्यात रात्री १० वाजता साठ्याची मोजणी, ११ वाजता उत्पादनखर्चाचा हिशेब आणि १२ वाजता बिले, असे तीन जॉब नेमलेले आहेत. वर्षभर सर्व सुरळीत चालते. मार्चअखेरीस माल दुप्पट होतो आणि मोजणीला दीड तास लागतो. ११ वाजता दुसरा जॉब ठरल्याप्रमाणे उठतो आणि अर्धवट मोजणीवर पूर्ण हिशेब मांडून मोकळा होतो. कोठेही चुकीची सूचना येत नाही. सकाळी मालकाच्या टेबलावर व्यवस्थित छापलेला, परंतु खोटा अहवाल पडतो. न जुळलेल्या रोजमेळावरून खतावणी झाली, असा याचा अर्थ.

म्हणून जाणकार घड्याळावर विसंबत नाहीत. ते कामांची साखळी बांधतात. आधीचा जॉब यशस्वी झाला तरच पुढचा सुरू व्हावा, अन्यथा साखळी तेथेच थांबावी आणि जबाबदार माणसाला निरोप जावा, अशी सोय या प्रणालींत असते. बिघडलेले काम मागे घेऊन पुन्हा कोठून सुरू करायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

या परतीच्या वाटेचे महत्त्व ब्रिटनमध्ये जून २०१२ मध्ये दिसले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात रात्रीची कामे लावणारी प्रणाली अद्ययावत करण्यात आली. अडचण दिसताच ती काढून जुनी आवृत्ती परत बसविण्यात आली. परंतु दोन आवृत्त्यांचा मेळ बसेना आणि खात्यांची कामे तुंबली. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. कोणाचा घराच्या कर्जाचा हप्ता अडला, कोणी परदेशात रोकडीवाचून अडकून पडले, काही संस्थांना पगार वेळेवर करता आले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. तिजोरीतून पैसा कोठेही गेला नव्हता. कामांचा क्रम तेवढा विस्कटला होता.

आपल्याकडील मध्यम उद्योगांनाही यातून घेण्यासारखे आहे. कोणतेही काम यंत्राच्या हवाली करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. या कामाआधी काय पुरे झालेले असले पाहिजे? ते अडले तर निरोप कोणाला जाईल, आणि तो मनुष्य रजेवर असल्यास कोणाला? तेच काम चुकून दोनदा चालले तर पगार दोनदा जमा होईल, की प्रणाली दुसरा फेरा ओळखून थांबेल? आणि हा जॉब कोणाच्या नावाने चालतो? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो अनेकांना भोवतो. जॉब एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर नेमलेला असतो. तो नोकरी सोडतो, त्याचे खाते बंद होते आणि त्याच रात्री काम ठप्प होते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र ११ तारखेपर्यंत भरायचे असताना १० तारखेला असा घोळ उघडकीस आला, तर धावपळीला पारावार राहत नाही.

या प्रश्नांची उत्तरे संगणक विकणाऱ्याजवळ नसतात. ती असतात पंचवीस-तीस वर्षे हिशेब सांभाळलेल्या माणसाजवळ. कोणत्या व्यापाऱ्याची परत आलेली बिले महिनाअखेरीआधी तपासावी लागतात, कोणत्या गोदामाचा आकडा उशिरा येतो, दिवाळीच्या आठवड्यात कोणते काम मागे ढकलावे लागते, हे त्यालाच ठाऊक असते. पुष्कळदा घडते असे, की नवी प्रणाली येताच त्याला बाजूला सारले जाते. आपली गरज संपली, या समजुतीने तोही मूक होतो. तो निवृत्त होतो आणि क्रम त्याच्याबरोबर घराबाहेर पडतो.

शहाणा मालक त्याला आणि अभियंत्याला एका टेबलाशी बसवतो. एकाने सांगावे, दुसऱ्याने मांडावे, आणि घरातील पुढच्या पिढीतील कोणीतरी शेजारी बसून ते समजून घ्यावे. सारा क्रम साध्या मराठीत एका वहीत उतरवून ठेवावा. यंत्र रात्रभर जागेल, कंटाळणार नाही, बेरीज चुकणार नाही. मात्र कोठे थांबायचे, हे त्याला आधी कोणीतरी शिकवलेले असावे लागते.