उंदराची बाजू

2023 च्या स्पर्धेत आमचा रोबो थेट कुंपणावर जाऊन आदळला, हे होस्टेलमध्ये कुणाला नव्याने सांगायला नको. "माउस लावून कधी रोबो होतो का?" हे वाक्य त्यानंतर मेसमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की ते आमटीबरोबर फुकट मिळतं असं वाटायला लागलं. आता कानावर आलंय की पुढच्या वर्षीपासून टीमला फक्त विकत आणलेलेच सेन्सर लावता येतील. या नियमाला माझा विरोध आहे. आणि आदळलेल्या रोबोचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता, तेव्हा बोलायचा हक्क मला थोडा जास्तच आहे.

ऑप्टिकल माउस म्हणजे पोटाशी बसवलेला छोटा कॅमेरा. भंगारातल्या माउसमधून आम्ही काढलेली चिप होती एडीएनएस-2610. ती जमिनीचा 18 बाय 18 ठिपक्यांचा फोटो सेकंदाला 1500 वेळा काढते आणि लागोपाठच्या फोटोंवरून आपण किती सरकलो ते सांगते. इंचाला 400 काउंट, म्हणजे मीटरला जवळजवळ पावणेसोळा हजार! चाकावरचा एन्कोडर चाक किती फिरलं तेवढंच मोजतो. चाक जागच्या जागी घसरलं तरी तो बापडा मोजतच राहतो. माउसला चाकाशी देणंघेणं नाही, तो जमीन बघतो. दोन माउस थोड्या अंतराने लावले की दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून रोबो किती वळला तेही निघतं.

मग आदळला का? तर या चिपची मर्यादा सेकंदाला 12 इंच, म्हणजे 30 सेंटिमीटर. वस्तू माणसाच्या हातासाठी बनवलेली, आणि आमचा रोबो सेकंदाला मीटरभर पळणारा. मर्यादा ओलांडली की चिप "झेपत नाही" असं म्हणत नाही, गुपचूप चुकीचे आकडे देते. आमच्या वेळी ते कमी आले. आपण अजून अर्ध्यातच आहोत असं रोबोला वाटत असताना तो कुंपणात शिरला होता. होस्टेलच्या शहाबादी फरशीवर रात्री दोन वाजता हाच रोबो शहाण्यासारखा चालायचा, कारण तोवर बॅटरी मेलेली असायची आणि तो रांगायचा. स्पर्धेला आम्ही ती छान फुल्ल चार्ज करून नेली. 12 इंचांचा आकडा ज्या डेटाशीटमध्ये होता, ती पीडीएफ महिनाभर माझ्या लॅपटॉपवर होती. असो.

"विकतचा घेतला असता तर हे झालं नसतं," असं सर म्हणतात. सर, रागावू नका, पण न वाचता लावलेला महागडा सेन्सरही आदळवतोच. मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट 2010 साली आलं ते घरात गेम खेळायला. खोलीचं चित्र इतक्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर रोबोवाल्यांनी ते लगेच उचललं. उन्हात ते आंधळं होतं, कारण त्याचे इन्फ्रारेड ठिपके उन्हात दिसेनासे होतात. म्हणून कुणी ते फेकून दिलं नाही, छपराखाली वापरलं.

सरांचं एक मात्र मान्य: माउस फुकट नसतो. भरलेल्या बॅटरीवर दोन रात्री तपासणी, ही त्याची किंमत. आम्ही ती आधी दिली नाही, म्हणून मैदानात चारचौघांत द्यावी लागली.

तेव्हा नियम करायचाच तर असा करा. सेन्सर भंगारातला असो की विकतचा, लावणाऱ्याने स्वतः मोजलेल्या आकड्यांचा एक कागद टीमच्या फाइलला लावायचा: किती वेगाला, कोणत्या जमिनीवर, किती उंचीवर तो खोटं बोलायला लागतो.

आणि लॅबमधलं भंगाराचं कपाट त्या दिवसापासून बंद आहे, ते उघडा. त्यात गोळीवाले सात माउस पडलेत, मी मोजलेत. प्रत्येकात खाचांच्या दोन चकत्या, बाजूला एलईडी आणि रिसीव्हर, म्हणजे दोन तयार एन्कोडर. फर्स्ट इयरच्या पोरांनी एक उघडला तर जे लेक्चरला डोक्यावरून गेलं ते एका संध्याकाळी कळेल. किल्ली लॅबच्या काकांकडे आहे आणि ते द्यायलाही तयार आहेत. फक्त सरांची सही हवी, असं म्हणाले.