मुलगी नकोशी कोणीं केली?

२०११ सालीं ऑक्टोबरांत साताऱ्यांत एक समारंभ झाला. जिल्ह्यांतील २८५ मुलींचीं नांवें त्या दिवशीं बदललीं. जुनें नांव काय, तर नकुशा, नकोशी! हीं नांवें कोणा परक्यानें ठेविलीं नव्हतीं. आपल्याच आयाबायांनीं पाळण्यांत ठेविलीं होतीं.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, ते आईबाप दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. ते हिशेब जाणत होते. मुलगी म्हणजे हुंडा, मानपान, मांडव, वाजंत्री आणि शेवटीं सातबाऱ्यावर बोजा. पण हा हिशेब त्यांना शिकविला कोणीं?

आमच्या कुणब्या-माळ्यांत, सुतार-कुंभारांत पूर्वीं हुंड्याचें एवढें बंड नव्हतें. पुष्कळ घरांत वराचा बापच मुलीच्या बापाला देज देई. देज ही मोठी चांगली चाल होती असें नव्हे. तरी राबणारा हात एका घरांतून दुसऱ्या घरीं जात आहे, एवढी कबुली तींत होती. विधवेला पाट लावण्याची मोकळीक होती. मग चार पैसे आले, कृष्णेकांठीं ऊस उभा राहिला, आणि घराणें थोर दिसावें म्हणून आम्हीं वरच्या म्हणविणाऱ्यांचा कित्ता गिरविला. पाट हलका ठरला, देज लाजेचें ठरलें, हुंडा अब्रूचा झाला. भटजीला नांवें ठेवणाऱ्यांनीं भटजीची रीत मात्र देव्हाऱ्यांत बसविली!

आणि हें कोणत्या मुलखांत? जोतीरावांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण, सावित्रीबाईंचें माहेर खंडाळ्याचें नायगांव. १८७३ सालीं पुण्यांत सत्यशोधक समाज निघाला व त्याच डिसेंबरांत भटाशिवाय पहिलें लग्न लागलें. जोतीरावांच्या विधींत वधू आपले हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ वाहतो. पुढें १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारानें गांवोगांव गांधी विवाह लाविले. वाळवें-तासगांव तेव्हां सातारा जिल्ह्यांतच होते. हार घातले, लग्न झालें, सावकाराची पायरी चढावी लागली नाहीं. त्याच भागांत आतां त्या पुढाऱ्यांच्या तसबिरीखालीं लाखांचे मांडव पडतात.

हुंड्यास १९६१ सालीं कायद्यानें बंदी झाली. गर्भांतील मुलगी ओळखण्यास १९९४ सालीं बंदी झाली. तरी २००१ च्या शिरगणतींत सांगली जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आंतील हजार मुलग्यांमागें मुली भरल्या ८५१! २००५ च्या कायद्यानें मुलीस वडिलार्जित जमिनींत मुलाइतका वांटा दिला. आम्ही भाऊबीजेच्या साडीवर तिची हक्कसोडपत्रावर सही घेतों.

आतां पस्तिशी उलटलेले पोरगे पारावर बसून आहेत. बाप मध्यस्थाला पैसे मोजून परमुलखांतून नवरी आणतो. म्हणजे देज परत आलें. फक्त तें मुलीच्या बापाकडे न जातां दलालाच्या खिशांत जातें. वर तक्रार अशी कीं, मुलींना शेतकरी नवरा नको! त्यांनीं आपल्या आईचे हाल डोळ्यांनीं पाहिले आहेत, त्यांना काय म्हणून बोल लावावा?

येत्या लग्नसराईंत जे पुढारी आशीर्वाद द्यावयास उभे राहतील, त्यांच्या हातीं सोयरिकीची यादी द्या आणि तींतला आंकडा ध्वनिक्षेपकावर वाचावयास सांगा. ते वाचतात, कीं मोटारीकडे वळतात, तें साऱ्या गांवाला दिसूं द्या.