पाण्यात काय आहे, कुणी सांगेल का?

रविवारची सकाळ. धायरीतल्या एका सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर उभा आहे. पाइप खालच्या टाकीत सोडलेला, चालक चहा पीत बसलेला. शाळेत झालेल्या दंततपासणीची चिठ्ठी घेऊन एक आई तेवढ्यात खाली येते. चिठ्ठीत लिहिले आहे, 'दोन दाढा किडल्या आहेत. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरावी.' फाटकावरचे वॉचमनकाका यवतमाळकडचे. फ्लोराइडचे नाव ऐकताच ते हसतात, आणि हसताना त्यांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे दिसतात.

"ताई, त्याच फ्लोराइडनं आमचे दात असे झाले. आमच्या गावच्या हापशाच्या पाण्यात ते लय हाय म्हनतात."

"मग डॉक्टर आम्हाला तेच वापरायला कसं सांगतात हो, काका?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि गंमत अशी, की डॉक्टरही बरोबर आहेत आणि काकाही.

पाण्यातले फ्लोराइड हे आमटीतल्या मिठासारखे असते. सगळा प्रश्न प्रमाणाचा. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर दातावरचे कवच बळकट होते, कीड कमी लागते. दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, की लहान मुलांच्या येऊ घातलेल्या पक्क्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग उमटू लागतात आणि ते जन्मभर जात नाहीत. त्याहून दुपटी-तिपटीने जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठ वाकते, हाडे वेडीवाकडी होतात. मीठ जास्त झाले तर पहिल्याच घासाला कळते. फ्लोराइड मात्र ना दिसत, ना त्याला वास, ना चव.

त्याचा शोधही डागाळलेल्या दातांवरूनच लागला. अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज या गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. गावातल्या कितीतरी लोकांचे दात तपकिरी पाहून तो चक्रावला. पुढे त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे दात कुरूप होते, पण किडत फारसे नव्हते. कारण पाण्यात आहे हा त्याचा संशय १९३१ साली खरा ठरला. पाण्यात फ्लोराइड सापडले. मग विचार पुढे गेला. डाग पडणार नाहीत, पण कीड रोखली जाईल, इतकेच फ्लोराइड मुद्दाम पाण्यात घातले तर? २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात तसे पाणी जगात पहिल्यांदा नळाला आले.

आज ते किती लोकांपर्यंत पोहोचते? २०१२ च्या एका जागतिक मोजणीनुसार पंचवीसेक देशांत मिळून सुमारे ३८ कोटी लोकांपर्यंत. अमेरिकेत सार्वजनिक नळाचे पाणी पिणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना ते मिळते. ऑस्ट्रेलियात दहापैकी जवळजवळ नऊ जणांना. सिंगापूरमध्ये सगळ्यांनाच. आयर्लंडने तर १९६० साली त्यासाठी कायदा केला. उलट युरोपातल्या बहुतेक देशांनी ही वाट धरली नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने अनेक वर्षे फ्लोराइड घातले आणि २००३ साली थांबवले. खुद्द अमेरिकेत युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५ साली त्यावर बंदी घातली. फ्लोराइडच्या टूथपेस्ट घरोघर पोहोचल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा जादा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी उरला आहे, असे २०२४ मधल्या एका मोठ्या आढाव्यातही दिसून आले.

हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपण त्यातली वेगळीच गोष्ट पाहावी. घालायचे की नाही, यावर तिथे भांडता येते, कारण किती आहे हे तिथे ठाऊक असते. पाणी एका केंद्रातून निघते, तिथे ते मोजले जाते, आणि तो आकडा ज्याला हवा त्याला मिळतो.

आपल्याकडे प्रश्नच उलटा. भारतात पाण्यात फ्लोराइड घालण्याची योजना नाही. आपली धडपड ते काढण्याची. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात १९३७ साली हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे राजस्थान, गुजरात, आंध्र, कर्नाटक अशी यादी वाढत गेली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतली कितीतरी गावे तिच्यात आहेत. यवतमाळच्या पांढरकवडा भागात तर हे दुखणे जुने आहे.

ते आले कुठून? तर खडकातून. जमिनीच्या पोटात खोलवर साचलेले पाणी वर्षानुवर्षे खडकाशी घासत राहते आणि त्यातले फ्लोराइड उचलते. ज्या पाण्यात चुना कमी, त्यात ते अधिक विरघळून राहते. गावातल्या उथळ विहिरीला हा धोका सहसा कमी. पण विहिरी आटल्या. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या काळात बोअर लागून हापसा आला तेव्हा गावाला केवढा आनंद झाला होता! आणि तो खोटाही नव्हता. हापशाने बायकांची पायपीट वाचवली. उघड्या विहिरींचे, बारवांचे पाणी सुटल्यामुळे नारूसारखा रोग हटायला मोठी मदत झाली. पण त्या घाईत पुष्कळ ठिकाणी एक प्रश्न विचारायचा राहून गेला. या पाण्यात काय आहे? त्याचे उत्तर तिथल्या मुलांच्या दातांवर आठ-दहा वर्षांनी उमटले.

उपाय नाहीत असे नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची 'नालगोंडा' पद्धत शोधून काढली, तिलाही आता पन्नास वर्षे होत आली. पण यंत्र बसवणे सोपे, ते रोज चालवणे अवघड. तुरटी किती घालायची हे पाणी मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणारा माणूस नसला की अशी यंत्रे गंजत पडतात. सर्वात खात्रीचा उपाय एकच, धरणाचे किंवा नदीचे चांगले पाणी नळाने आणणे.

इथे धायरीकर म्हणतील, मग आम्हाला काय चिंता? आमचे खडकवासला जवळच आहे. खरे आहे. धरणाच्या पाण्यात फ्लोराइड थोडेच असते आणि पुण्याभोवतीचा काळा कातळही त्यासाठी बदनाम नाही. उगाच घाबरण्याचे कारण नाही. पण धायरीच्या घरात येणारे सगळे पाणी धरणाचेच असते का? ऑक्टोबर २०१७ मध्ये गाव महापालिकेत आले. इमारती त्याआधीच उठल्या होत्या. नळ पुरत नाही म्हणून बोअर, बोअर आटली म्हणून टँकर, त्यावर विश्वास नाही म्हणून वीस लिटरचा जार. एका टाकीत तीन ठिकाणचे पाणी मिसळते. त्यातल्या टँकरची विहीर कुठली, बोअर किती खोल, हे सोसायटीच्या चेअरमनलाही सांगता येत नाही.

याची किंमत काय असते ते जानेवारी २०२५ मध्ये आपण पाहिले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिलॅन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. हातापायांतली ताकद गेलेली माणसे अतिदक्षता विभागात पोहोचली, तेव्हा कुठे विहिरी, टँकर आणि जार भरणारे खासगी प्रकल्प यांची तपासणी सुरू झाली. काही प्रकल्पांना टाळेही लागले. ते जंतूंचे प्रकरण होते, फ्लोराइडचे नव्हे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. दुखणी दोन, उपाय दोन, पण चूक एकच. आधी माणसे आजारी पडली आणि मग पाणी तपासले गेले.

ग्रामपंचायतींसाठी एक चांगली पद्धत आहे. पाण्याची व्यवस्था पाहून आरोग्य विभाग गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. त्यात भर असतो तो स्वच्छतेवर आणि टीसीएल पावडरीच्या वापरावर. फ्लोराइडचा हिशेब त्यात नसतो. पण गावाला निदान आपला रंग तरी कळतो. गाव शहरात आले की तेवढेही कळू नये, हे बरे नाही.

म्हणून मागणे फार मोठे नाही. प्रत्येक टँकरबरोबर पाणी कुठून भरले आणि शेवटचे कधी तपासले, याची चिठ्ठी असावी. महापालिकेने प्रत्येक भागातल्या नळाच्या पाण्याचे आकडे वेळच्या वेळी जाहीर करावेत. आणि सोसायट्यांनी आपल्या बोअरचे पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जंतू, नायट्रेट, जडपणा आणि फ्लोराइड, चारही. तो कागद फाइलमध्ये न ठेवता लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावावा. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावे जिथे लागतात, तिथेच पाण्याचाही हिशेब लागू द्या. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणीच मिळत नसेल तर फार तर दीड. एवढे दोन आकडे शाळकरी मुलालाही वाचता येतील.

आणि त्या आईचे काय? तिने डॉक्टरांचे जरूर ऐकावे. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, समोर उभे राहून घासलेले दात, आणि पेस्ट गिळू न देता थुंकायला लावणे. एवढे पुरे. कारण ट्यूबमध्ये फ्लोराइड किती आहे, ते ट्यूबवर छापलेले असते. वॉचमनकाकांच्या गावच्या हापशावर असे काहीच लिहिलेले नव्हते. टँकर रिकामा करून निघून गेला आहे. त्याच्यावरही काही लिहिलेले नाही.