न जुळलेले आकडे

एक जुनी लबाडी आज कबूल करतो. एम्.एस्सी.ला असताना पाण्यातील प्रोटॉनांचा शिथिलन-काळ मोजण्याचा प्रयोग माझ्या वाट्याला आला. चुंबकाच्या क्षेत्रात प्रोटॉनांचे चुंबकत्व एका दिशेला स्थिरावते. 180 अंशांचा रेडिओ-स्पंद दिला की ते उलटे होते आणि हळूहळू पूर्वपदावर येते. मध्ये थांबून 90 अंशांचा स्पंद दिला म्हणजे ते कितपत सावरले हे संकेतावरून कळते. ज्या वेळी संकेत शून्य होतो, त्या वेळेला 0.693 ने भागले की शिथिलन-काळ निघतो. पाण्यासाठी तो सुमारे 3 सेकंद असतो.

माझा आला 2 सेकंदांच्या आसपास! मी 3 सेकंद धरून उलटे गणित केले, जर्नल सजवले आणि पैकीच्या पैकी गुण घेतले.

चूक कळली ती स्वतः शिकवू लागल्यावर. दोन मोजण्यांमध्ये या काळाच्या पाचपट, म्हणजे 15 सेकंद तरी थांबावे लागते. मी 3 सेकंदांतच पुढची मोजणी सुरू करीत होतो. प्रोटॉन पुरते सावरलेलेच नसत. तो आकडा मला हेच सांगत होता; मी त्याचे तोंड बंद केले.

या शास्त्रातील थोरांनी तसे केले नाही. अर्विन हान यांना दोन स्पंदांनंतर अनपेक्षित संकेत दिसला. आधी त्यांनाही तो उपकरणाचा दोष वाटला. पुन्हा दिसताच त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. 1950 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला 'स्पिन एको' तो हाच. प्रोटॉनांची आपसातील लय किती वेळ टिकते, हा दुसरा शिथिलन-काळ त्यातून मोजता येऊ लागला. 1954 साली कार आणि पर्सेल यांनी 180 अंशांच्या स्पंदांची माळच लावली. पण प्रत्येक स्पंदातील किंचित चूक साचत जाई. 1958 साली मायबूम आणि गिल यांनी ती झाकली नाही. त्यांनी त्या स्पंदांची फेज 90 अंशांनी बदलली, आणि एका स्पंदाची चूक पुढचा स्पंद भरून काढू लागला.

प्रॅक्टिकलला वेळ अपुरा असतो, हे मान्य. तरीही प्राध्यापक बंधुभगिनींना विनंती, की जर्नलात एक पान न जुळलेल्या आकड्यांसाठी ठेवावे आणि त्यांचे कारण शोधणाऱ्याला गुण द्यावेत. बरोबर उत्तर पुस्तकात छापलेलेच असते. तेवढ्यासाठी प्रयोगशाळेची पायरी कशाला चढायची?